उघड्या डोळ्यांची प्रार्थना

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातील सेंट मार्टिन्स चर्चच्या नोंदवहीत फेब्रुवारी १५७६ मधल्या एका लग्नाची नोंद आहे. नवरदेव टॉमस टिल्सी, नवरी उर्सुला रसेल. एरवी अशी नोंद दोन नावे आणि एक तारीख एवढ्यात आटोपते. ही लांबली, कारण टॉमसला ऐकू येत नव्हते आणि बोलताही येत नव्हते. आधी बिशपांची संमती घेतली गेली, महापौरांनाही विचारले गेले. मग टॉमसने भर चर्चमध्ये आपले वचन हातापायांनी दिले. उर्सुलाला मिठी मारली, तिचा हात हाती घेतला, बोटात अंगठी चढवली, छातीवर हात ठेवला आणि दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. 'मरेपर्यंत' एवढेच सांगायचे राहिले होते. त्यासाठी त्याने डोळे मिटले, पायाने जमीन उकरली आणि मृत्यूची घंटा वाजवताना दोर ओढावा तसे हात खाली ओढले. लिहिणाऱ्याने हे सारे बारकाईने टिपून ठेवले. खुणांनी झालेल्या ख्रिस्ती विधीचे इतके जुने आणि इतके जिवंत वर्णन क्वचितच सापडते.

या लग्नाला धर्मशास्त्राची हरकत नव्हती. पोप तिसरे इनोसंट यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीसच निर्वाळा दिला होता की, ज्याला बोलता येत नाही त्याने खुणांनी दिलेली संमती विवाहाला पुरेशी आहे. अडचण होती ती श्रद्धेच्या बाबतीत. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासाचा उगम ऐकण्याशी जोडलेला आहे. ऑगस्टीनने आपल्या एका वादग्रंथात त्याचा आधार घेऊन बहिरेपण विश्वासाच्या आड येते असे लिहिले. गंमत अशी की, कर्णबधिर माणसे खुणांनी आपसात विचारतात, उत्तरे देतात आणि मनातले जवळपास सगळे सांगतात, हेही याच ऑगस्टीनने दुसऱ्या एका ग्रंथात नोंदवले आहे. पुढच्या पिढ्यांनी पहिले विधान पाठ केले आणि दुसरे सोयीस्करपणे विसरून टाकले.

कर्णबधिर आणि ख्रिस्ती मंडळी यांच्या नात्याचा इतिहास वाचायला बसले की ही जोडी सतत भेटत राहते. एका हाताने दार उघडणारे चर्च आणि दुसऱ्या हाताने किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवणारे चर्च. या विषयावरचे बरेचसे लेखन पहिल्या हाताचे कौतुक करून थांबते. ते कौतुक खोटे नाही, पण अपुरे आहे. खरी गोष्ट सुरू होते ती कर्णबधिरांनी ती किल्ली मागायला सुरुवात केली तेव्हा.

दार उघडण्याचे काम आधी स्पेनमध्ये झाले. बुर्गोसजवळच्या ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लिओन हा बेनेडिक्टाइन संन्यासी सोळाव्या शतकात वेलास्को या उमराव घराण्यातल्या कर्णबधिर मुलांना लिहा-वाचायला आणि बोलायला शिकवत होता. बेनेडिक्टाइन मठांत मौनाच्या वेळी हातांच्या खुणांनी बोलण्याची जुनी रीत होती. त्यामुळे हातांनी भाषा चालू शकते यात त्या संन्याशाला नवल वाटले नसावे. पण हे शिक्षण बड्या घरच्या मुलांपुरते राहिले. गरिबांच्या मुलांपर्यंत ते पोचायला आणखी दोनशे वर्षे लागली.

ते पोचवणारा माणूस म्हणजे पॅरिसचा धर्मगुरू शार्ल मिशेल द लेपे. चर्चला न पटणाऱ्या जान्सेनवादी विचारांमुळे तो वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला होता. १७६० च्या आसपास त्याची दोन कर्णबधिर बहिणींशी गाठ पडली. त्यांना शिकवणारे एक पाद्री वारले होते. आता या मुली धर्मशिक्षणाविना राहणार, संस्कारांना मुकणार, ही चिंता लेपेला लागली. म्हणजे त्याने काढलेल्या, जगातल्या पहिल्या मोफत कर्णबधिर शाळेमागची प्रेरणा शुद्ध धार्मिक होती. लेपेने त्या मुलींच्या तोंडात शब्द कोंबण्याऐवजी त्यांचे हात पाहिले आणि पॅरिसमधले कर्णबधिर जे हातवारे वापरत होते ते तो शिकू लागला. हे त्याचे मोठेपण. मग फ्रेंच व्याकरणाचे सगळे प्रत्यय त्या हातवाऱ्यांना चिकटवून त्याने एक अवजड पद्धत तयार केली. वर्गात विद्यार्थी ती वापरत आणि आपसात स्वतःच्याच भाषेत बोलत. ही त्याची मर्यादा. १७८९ मध्ये लेपे वारला आणि दोन वर्षांनी क्रांतिकारी सरकारने त्याची शाळा राष्ट्राच्या मालकीची केली.

याच शाळेचा विद्यार्थी आणि पुढे शिक्षक झालेला लोराँ क्लेर १८१६ मध्ये अमेरिकेला निघाला. त्याला नेणारा टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा प्रॉटेस्टंट पाळक; शेजारच्या डॉक्टरांची कर्णबधिर मुलगी अॅलिस कॉग्सवेल हिच्यासाठी शिक्षणाची पद्धत शोधत तो युरोपात आला होता. बावन्न दिवसांच्या जहाजप्रवासात क्लेर इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट खुणांची भाषा. क्लेर कॅथलिक होता. त्याच्या करारात एक कलम होते: त्याच्या धर्माविरुद्ध काही शिकवण्याची सक्ती त्याच्यावर होणार नाही. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. शिक्षक स्वतः कर्णबधिर आहे हे दृश्य तिथल्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिले असणार.

गॅलॉडेटच्या मुलाचे नावही टॉमसच. आई कर्णबधिर, पुढे पत्नीही कर्णबधिर. सांकेतिक भाषा त्याच्या घरचीच होती. तो एपिस्कोपल धर्मगुरू झाला आणि १८५२ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये सेंट अॅन्स ही कर्णबधिरांसाठीची मंडळी स्थापन केली. त्याच्याच प्रोत्साहनाने हेन्री विंटर साइल पुढे आला. साइलचा जन्म शांघायचा, वडील मिशनरी, लहानपणी तापाने ऐकणे गेलेले. केंब्रिज आणि येल इथे शिकलेला हा माणूस धर्मगुरू होऊ इच्छितो म्हटल्यावर कुरबूर सुरू झाली. ज्याला ऐकू येत नाही तो उपासना कशी चालवणार? १८७६ मध्ये त्याला डीकनपदाची दीक्षा मिळाली आणि १८८३ मध्ये तो धर्मगुरू झाला. एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा घेणारा तो पहिला कर्णबधिर. फिलाडेल्फियात त्याने कर्णबधिरांसाठी ऑल सोल्स हे चर्च उभे केले आणि १८९० मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, तो वारला. एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात हा धाकटा गॅलॉडेट आणि साइल यांचे स्मरण एकाच दिवशी, २७ ऑगस्टला केले जाते.

साइलच्या या दोन दीक्षांच्या मधोमध, १८८० मध्ये, मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीची ती कुप्रसिद्ध परिषद भरली. शाळांमधून खुणा हद्दपार कराव्यात आणि मुलांना ओठ वाचायला व आवाज काढायला शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर एकच होता. अध्यक्षस्थानी जुलिओ तार्रा होते आणि ते कॅथलिक धर्मगुरू होते, हा तपशील चर्चच्या गौरवग्रंथांतून बहुतेकदा गळतो. तो गाळून चालणार नाही. खुणांना शाळेत आणणारा माणूस धर्मगुरू होता आणि खुणांना शाळेबाहेर काढणाऱ्यांचा पुढारीही धर्मगुरूच होता. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले. मधल्या एकशेतीस वर्षांत असंख्य मुलांचे हात वर्गात दाबले गेले.

त्या काळात प्रौढ कर्णबधिरांना मोकळेपणी हात हलवता येतील अशा जागा मोजक्याच होत्या. क्लब होते आणि चर्च होते. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सेंट सेव्हियर्स हे खास कर्णबधिरांचे चर्च बांधले गेले. पायाभरणी १८७० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. जागा गेल्यावर १९२० च्या दशकात ते अॅक्टन या उपनगरात हलले. वास्तुशिल्पी एडवर्ड मॉफ यांनी बांधलेल्या त्या इमारतीत दोन उपदेशपीठे आहेत, एक बोलणाऱ्यासाठी आणि एक हातांनी सांगणाऱ्यासाठी. ब्रिटनच्या गावोगावी तेव्हा 'मिशनर' असत. रविवारी उपासना घ्यायची, सोमवारी कुणासाठी नोकरी शोधायची, मंगळवारी कोर्टात किंवा दवाखान्यात दुभाष्या म्हणून उभे राहायचे, असा त्यांचा आठवडा. अनेक जण कर्णबधिर आई-बापांची ऐकू येणारी मुले होती. त्यांची सेवा खरी होती. पण त्यांच्याशिवाय गावातल्या कर्णबधिराचे पान हलत नाही, ही अवस्थाही खरी होती. फ्रान्सिस मॅगिन हा आयरिश पाळकाचा कर्णबधिर मुलगा बेलफास्टमध्ये स्वतः मिशनर होता. १८९० मध्ये ब्रिटिश कर्णबधिरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती त्याच्या धडपडीतून. अध्यक्ष कोण झाले? ऐकू येणारे एक रेव्हरंड.

इतिहासातून क्षणभर बाहेर येऊन अशा मंडळीच्या उपासनेत डोकावायला हवे, कारण ऐकणाऱ्या वाचकाच्या डोक्यात 'आपलीच उपासना, फक्त आवाज बंद' असे चित्र असते. तसे ते नसते. इथे कुणी डोळे मिटून प्रार्थना करत नाही. डोळे मिटले की प्रार्थनाच बंद. हात धरून प्रभूची प्रार्थना म्हणण्याची जी रीत अनेक चर्चमध्ये आहे ती इथे निरुपयोगी, कारण हात धरले की जीभच धरली. वेदीमागची रंगीत काचेची खिडकी ऐकणाऱ्यांना भक्तिभावाने भरून टाकते, पण कर्णबधिरांसाठी ती डोकेदुखी असते. मागून प्रकाश आला की पुढे उभ्या असलेल्याचा चेहरा आणि हात काळे पडतात. खांब नकोत, बाके सरळ रांगेऐवजी अर्धवर्तुळात हवीत, कारण मंडळीलाही एकमेकांचे प्रतिसाद दिसायला हवेत. ईस्टरच्या आदल्या रात्री दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात चालणारा विधी कितीही सुंदर असला, तरी अंधारात वाचन चालले की कर्णबधिर भाविक तेवढा वेळ चर्चच्या बाहेरच असतो. धर्मगुरू स्वतः कर्णबधिर असेल तर आणखी एक पेच: प्याला हातात धरायचा की शब्द सांगायचे? मग आधी सांगून नंतर उचलणे किंवा एका हाताने सांगणे, असे मार्ग निघतात. गाणी असतात, काही मंडळ्यांत ढोलाच्या ठोक्यावर सगळ्यांचे हात एका लयीत चालतात. आणि उपासना संपली की कुणी घरी जात नाही. आठवडाभर ऐकणाऱ्यांच्या गर्दीत तोंडे पाहत काढल्यावर आपल्या भाषेत गप्पा मारायला मिळतात त्या इथेच.

पापनिवेदनाचा प्रश्न त्याहून नाजूक. वसईकडे किंवा गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, तो विधी एकांताचा. धर्मगुरूला सांकेतिक भाषा येत नसेल तर कर्णबधिर माणसाने आपले पाप कागदावर लिहावे किंवा दुभाष्यासमोर उघड करावे. गुप्ततेचे बंधन दुभाष्यावरही असते, हे खरे. तरी शेजारच्या गल्लीतल्या माणसासमोर मन मोकळे करणे कुणाला जमेल? पाच लाकडी फळ्यांच्या पेटीत कुजबुजणाऱ्या ऐकत्या भाविकाला हा प्रश्न कधी पडतच नाही.

विसाव्या शतकात या सगळ्या प्रश्नांना भिडलेला सर्वांत मोठा माणूस अँड्र्यू फॉस्टर. जन्म १९२५, अलाबामातल्या एन्सली या खाणकामगारांच्या गावी. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने त्याचे आणि त्याच्या भावाचे ऐकणे गेले. कृष्णवर्णीय कर्णबधिर मुलांसाठीची वेगळी शाळा होती, पण तिथले शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे जात नव्हते. फॉस्टर डेट्रॉइटला गेला, दिवसा काम करून पत्राद्वारे हायस्कूल पूर्ण केले. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजने त्याचे अर्ज आधी नाकारले होते. अखेर प्रवेश मिळाला आणि १९५४ मध्ये तिथली पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. डेट्रॉइटमध्येच एका चर्चच्या संपर्कात त्याची श्रद्धा पक्की झाली होती आणि कर्णबधिरांत मिशनरी म्हणून जायचे हेही ठरले होते. १९५६ मध्ये त्याने स्वतःची मिशन संस्था काढली आणि १९५७ मध्ये, घाना स्वतंत्र झाले त्याच वर्षी, तो अक्राला उतरला.

त्याची सुरुवात एका सरकारी शाळेच्या उसन्या वर्गांत झाली. ऐकणारी मुले घरी गेली की तेच वर्ग त्याच्या विद्यार्थ्यांचे. संध्याकाळी मोठी माणसे शिकायला येत. लिहिणे, वाचणे, हिशेब आणि बायबल असा अभ्यासक्रम. यात शाळा कुठे संपते आणि चर्च कुठे सुरू होते ते सांगता येत नसे. फॉस्टरला ते सांगायचेही नव्हते. ज्याला कुणी कधी भाषाच दिली नाही त्याला शुभवर्तमान सांगायचे तर आधी भाषा द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते. पुढे नायजेरियातले इबादान हे त्याचे केंद्र बनले. तिथे तो फ्रेंचभाषक देशांतून आलेल्या तरुणांना शिक्षक म्हणून तयार करी आणि परत पाठवी. तीसहून अधिक शाळा, तेरा देश. दरवर्षी काही महिने अमेरिका-युरोपात फिरून पैसा गोळा करायचा आणि पुन्हा आफ्रिकेत यायचे, हा त्याचा क्रम. १९५९ मध्ये वीसबाडेनच्या जागतिक कर्णबधिर परिषदेत त्याला बेर्टा ही जर्मन कर्णबधिर तरुणी भेटली. पुढे ती पत्नी आणि सहकारी झाली. ३ डिसेंबर १९८७ रोजी रवांडात झालेल्या विमान अपघातात फॉस्टर गेला.

त्याच्या शाळांचा खरा परिणाम इमारतींच्या संख्येत नाही. आफ्रिकेतल्या कर्णबधिर मुलाला मोठेपणी काय होता येते, याचा नमुना तो स्वतःच होता: शिकलेला, काळा, ऐकू न येणारा, उपदेशपीठावर उभा असलेला. त्याचे विद्यार्थी शिक्षक झाले, काही पाळक झाले, काही गॅलॉडेटपर्यंत पोचले.

पण फॉस्टरच्या कामावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालत नाही. त्याने शाळांत अमेरिकी खुणा आणल्या. घानातल्या अदामोरोबे या गावात पिढ्यान्‌पिढ्या अनेक जण कर्णबधिर जन्मतात. तिथे त्यांची स्वतःची सांकेतिक भाषा होती आणि गावातले ऐकणारेही ती वापरत. तिथली मुले निवासी शाळेत गेली आणि शाळेची भाषा घेऊन परतली. गावची भाषा आज आकसत चालली आहे. मिशनऱ्यांनी स्थानिक भाषा मारल्या हा आरोप आपल्याला ओळखीचा आहे. इथे तो एका कर्णबधिर मिशनऱ्यावर येतो. फॉस्टरच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की, खुणांना भाषा मानायलाच जग तयार नव्हते तेव्हा त्याने हाती होती ती भाषा दिली. त्याने ती दिली नसती तर बहुतेक ठिकाणी त्या मुलांना कुठलीच मिळाली नसती.

कॅथलिक जगातही वेगळे धागे आहेत. इटलीतल्या लेच्चे येथे कर्णबधिरांसाठी आयुष्य वेचणारे फिलिप्पो स्माल्दोने यांना २००६ मध्ये संतपद मिळाले. दक्षिण आफ्रिकेचे सिरिल अॅक्सलरॉड हे कट्टर ज्यू घरात जन्मलेले कर्णबधिर. ते कॅथलिक झाले, १९७० मध्ये धर्मगुरू झाले आणि नंतर त्यांची दृष्टीही गेली. समोरच्याच्या हातावर हात ठेवून ते बोलणे समजून घेतात आणि मिस्साही करतात.

आता आपल्याकडे. भारतातली पहिली कर्णबधिर शाळा मुंबईत, माझगावला निघाली, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? १८८० च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. म्हणजे मिलानचा ठराव अजून ताजा होता तेव्हा. दक्षिणेत पाळयमकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी त्याच शतकाच्या अखेरीस काढलेली शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकातल्या बहुतेक भारतीय शाळांत मौखिक पद्धतच चालली. मुले वर्गात ओठ वाचत आणि वसतिगृहात दिवे जाईपर्यंत हातांनी बोलत. भारतीय सांकेतिक भाषा शाळांनी घडवली नाही. ती शाळांच्या नाकावर टिच्चून जगली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा नोंदवल्या, तेव्हा शब्द थोडे वेगळे असले तरी व्याकरण एकच आहे असे दिसून आले. केंद्र सरकारची भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन संस्था निघायला मात्र २०१५ उजाडले.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या वर आहे. त्यात उतारवयात ऐकणे गेलेलेही आले, त्यामुळे सांकेतिक भाषा वापरणारे त्याहून कमी. तरीही ज्या देशात चर्चने कर्णबधिरांसाठी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी शाळा काढल्या, त्या देशात पहिला कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू झाला तो २ मे २०२४ रोजी. फादर जोसेफ थेर्मडम यांना त्या दिवशी केरळमधील त्रिशूरच्या बॅसिलिकेत आर्चबिशप अँड्र्यूज थाझत यांच्या हस्ते दीक्षा मिळाली. साइलनंतर एकशे एक्केचाळीस वर्षांनी. यावर टाळ्या वाजवण्याआधी थोडे शरमायला हरकत नाही.

बायबलचेही तसेच. संपूर्ण बायबल सांकेतिक भाषेत पहिल्यांदा उपलब्ध झाले २०२० मध्ये, अमेरिकी सांकेतिक भाषेत. आयोवातल्या डेफ मिशन्स या संस्थेचे काम जवळपास चार दशके चालले होते. जगात सांकेतिक भाषा तीनशेहून अधिक आहेत.

मराठी मंडळ्यांना एवढेच सांगणे. दुभाषी ठेवला असेल तर त्याला भिंतीकडेला, खांबाआड उभे करू नका. वेदीशेजारी उभे करा आणि त्याच्या हातांवर दिवा सोडा. याला खर्च नाही. पाळक-धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात सांकेतिक भाषेला जागा द्या. आणि आपल्या मंडळीत कर्णबधिर सभासद असतील तर त्यांतल्या एकाला यंदाच्या पंचकमिटीत घ्या, मताच्या अधिकारासह.